कराटेचा ड्रेस शिवून घेतला, दोन वर्षं वापरला, आता लिहितोय

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मित्राने विचारलं की पोराची ब्लॅक बेल्टची परीक्षा आलीये, जाड कॅनव्हासचा चांगला ड्रेस नाशिकमध्ये कुठे मिळेल की ऑनलाइनच मागवू. मी त्याला तिथे दोन ओळीत सांगितलं, "मागवू नकोस, शिवून घे", आणि पत्ता दिला. पण दोन ओळीत सांगण्यासारखं हे नाहीये म्हणून सविस्तर लिहितोय. दुकान म्हणजे रविवार कारंजाकडून आत गेल्यावर एका गल्लीत पहिल्या मजल्यावर बसणारे टेलरकाका. खाली भांड्यांचं दुकान, बाजूने अरुंद जिना. त्यांच्याकडून शिवलेला बारा औंसाचा ड्रेस मी दोन वर्षं, एप्रिल-मे सोडून, आठवड्यातले पाच दिवस वापरला आणि आता त्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं.

मी १९९४ ला आठवीत असताना शोतोकान ह्या शैलीचं कराटे सुरू केलं. मध्ये नोकरीमुळे दीड वर्ष आणि गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आठ महिने सोडले तर थांबलो नाही. सकाळी सव्वापाचला गोल्फ क्लबच्या मैदानावर स्वतःचा सराव आणि संध्याकाळी मुलांची बॅच. इतक्या वर्षांत किती ड्रेस झाले मोजलं नाही पण अकरा-बारा तरी नक्की. आम्ही सगळे ड्रेसच म्हणायचो, गी हा शब्द नंतर आला, अजूनही सरांसमोर माझ्या तोंडून ड्रेसच निघतो.

आधीचा ड्रेस मी ऑनलाइन घेतला होता, नाव लिहीत नाही. फोटोत उत्तम, हातात घेतल्यावर पण ठीक. त्या वर्षी २६ जानेवारीला एका शाळेत मुलांचं प्रात्यक्षिक होतं आणि शेवटी मी एक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम, करून दाखवायची असं ठरलं होतं. कांकू दाई करत होतो. पासष्ट हालचालींची मोठी काता आहे. त्यात पहिली योको गेरी येते म्हणजे बाजूला मारायची किक, ती मारली आणि पँटचं आसन पुढून मागेपर्यंत उसवलं. आवाज मला आला, पुढच्या रांगेतल्या मुलांना पण आला असणार. मी काता पूर्ण केली कारण अर्धी सोडायची नाही हे आमच्या सरांनी पहिल्या वर्षीच डोक्यात बसवलंय, पण उरलेल्या सगळ्या हालचाली मी आखडून केल्या आणि ज्या मुलांना वर्षभर "कंबर खाली, पाय मोकळा" सांगतोय त्यांच्यासमोर मीच ताठ उभा राहून काता करतोय ह्याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

घरी येऊन पँट उलटी करून बघितली. चार तुकडे एका ठिकाणी आणून जोडलेले, एकेरी शिलाई, आत अर्धा सेंटीमीटर पण दाब सोडलेला नाही. किक मारताना दोन्ही मांड्या जितक्या फाकतात तेवढा सगळा ताण त्या एका फुलीवर येणार. फाटणारच होती, आज नाही तर उद्या.

काकांचा पत्ता मला तालमीतल्या एका ओळखीच्या माणसाने दिला. काकांचे वडील तालमीतल्या पहिलवानांचे जांघिये आणि लंगोट शिवायचे, काका स्वतः मल्लखांबाच्या मुलांचे शिवत आले, आणि कराटेचे ड्रेस त्यांच्याकडे कसे आले तर एक दिवस एक मुलगा फाटलेला ड्रेस घेऊन आला आणि म्हणाला ह्याच्यासारखा दुसरा शिवा, काकांनी तो उसवून सगळा बघितला आणि म्हणाले ह्याच्यासारखा नाही शिवणार, हा चुकीचा आहे. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, अगदी सहज. मल्लखांबाचा विषय निघाला की काका बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगतात, दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडच्या पहिलवानांचं आव्हान घेतलं आणि मग वणीच्या सप्तशृंगीला जाऊन राहिले, तिथे मारुतीरायाने दृष्टांत देऊन मल्लखांब शिकवला अशी आख्यायिका. आपल्या जिल्ह्यातली गोष्ट आहे आणि मला तीस वर्षं, कराटे जिथून आलं त्या जपानच्या ओकिनावाच्या गोष्टी पाठ पण ही एका शिंप्याकडून ऐकायला मिळाली, ह्याची मला मनापासून खंत वाटली आणि त्या रविवारी मी वणीला जाऊन आलो.

आता माप. मी गेलो तेव्हा वाटलं छाती कंबर उंची घेतील आणि दहा मिनिटांत सोडतील. काकांनी टेप गळ्यात टाकला आणि म्हणाले, "ते तुमचं पाऊल टाकून उभं राहतात ना, तसं राहा." दोन मशीन आणि कापडाचे गठ्ठे ह्यांच्या मध्ये जेमतेम जागा, तिथे मी झेनकुत्सू दाचीत उभा राहिलो. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ. काका खाली बसले, बेंबीखालून टेप धरला, दोन पायांमधून मागे नेला आणि कमरेच्या मणक्यापर्यंत आणला. आकडा वहीत लिहिला. मग म्हणाले आता सरळ उभे राहा, परत तेच माप घेतलं. दोन आकड्यांत साडेतीन इंचाचा फरक होता. "हे साडेतीन इंच कुठून येणार सांगा," असं मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निळ्या खडूने टेबलावर एक लांबट चौकोन काढला, तिरका. ही कळी. दोन मांड्यांच्या मध्ये ही बसवायची म्हणजे चार शिलाया एका ठिकाणी येतच नाहीत, ताण चारी बाजूंना वाटला जातो. पहिलवानांच्या जांघियाला हीच युक्ती आहे असं ते म्हणाले.

मग गुडघा छातीपर्यंत उचलायला लावला, एक हात समोर आणि दुसरा कमरेशी मुठीत ओढायला लावला, म्हणजे हिकिते, आणि त्या वेळी पाठीवरून एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत माप घेतलं. बगलेत पण त्यांनी चौबगला म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा घातलाय, जुन्या बंडीला असायचा तसा, त्यामुळे हात डोक्यावर नेला तरी जॅकेट कमरेतून वर चढत नाही. ज्यांनी आगे उके म्हणजे वरचा ब्लॉक शंभर वेळा केलाय आणि प्रत्येक वेळी पट्ट्याखालून जॅकेट बाहेर आलेलं आत खोचलंय त्यांना ह्याची किंमत कळेल.

जॅकेटला आतून आणि बाहेरून बांधायच्या नाड्या असतात, काका त्यांना बंद म्हणतात. ते बंद शिवताना त्यांनी मला विचारलं की हा जपानी लोकांचा जुनाच पोशाख आहे का, कारण ही तर आपल्या बाराबंदीची बहीण दिसते. मला हा प्रश्न फार आवडला कारण उत्तर बऱ्याच कराटेवाल्यांना पण माहीत नसतं. कराटेला स्वतःचा असा ड्रेस नव्हता. ओकिनावात लोक रोजच्याच कपड्यांत नाहीतर उघड्या अंगाने सराव करायचे, जुने फोटो बघा. १९२२ साली गिचिन फुनाकोशी ओकिनावाहून टोकियोला प्रात्यक्षिकासाठी आले, तेव्हा जुडोचे संस्थापक जिगोरो कानो ह्यांनी त्यांना आपल्या कोदोकान ह्या जुडोच्या शाळेत बोलावलं. आणि मग कराटेने जुडोचा ड्रेस उचलला, रंगीत पट्टे आणि दान म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या ह्यांची पद्धत पण तिथलीच, फुनाकोशींनी पहिले दान १९२४ ला दिले. फक्त जुडोत कॉलर आणि बाही धरून माणूस फेकायचा असतो म्हणून ते कापड जाड विणीचं लागतं, कराटेत धरणं कमी आणि मारणं जास्त म्हणून कापड हलकं झालं. डावी बाजू उजवीवर घ्यायची हे मात्र सगळ्यांना सारखं, उलटं फक्त प्रेताला नेसवतात. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्या गुरूंनी पण दुसऱ्याचं बघूनच शिवून घेतलं."

कापडाबद्दल. काकांकडे दोन वजनं आहेत, आठ औंस आणि बारा औंस. औंस म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचं वजन. आपल्याकडचे कापडवाले जीएसएम बोलतात म्हणून सांगतो, आठ औंस म्हणजे साधारण २७० जीएसएम आणि बारा औंस म्हणजे ४०० च्या थोडं वर. बाजारात मुलांना मिळतो तो ड्रेस ह्याच्या कितीतरी खाली असतो आणि त्यात पॉलिस्टर मिसळलेलं असतं, घाम आला की अंगाला चिकटतो. दोन्ही वजनं शंभर टक्के सुती आहेत. मी बारा घेतला कारण माझा सराव आता जास्त करून काताचा आहे, गुडघ्यानंतर कुमिते म्हणजे जोडीदाराबरोबरची लढत मी आठवड्यातून एकदाच करतो. तुमची कुमिते जास्त असेल तर आठच घ्या, डोळे झाकून.

मालेगाव एवढ्या जवळ, तिथे एवढे माग, तर कापड तिथलंच का म्हणून मी विचारलं होतं. काका म्हणाले तिकडे पातळ माल जास्त निघतो, हे जाड कापड बाहेरून मागवावं लागतं, आणि येतं ते कोरं येतं. कोऱ्या कापडात खळ असते आणि विणताना धागा ताणून धरलेला असतो, तो ताण पाणी लागलं की सुटतो आणि कापड आटतं, लांबीला जास्त आणि रुंदीला कमी. म्हणून काका कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात टाकतात, पिळत नाहीत, गच्चीवर सावलीत वाळवतात आणि परत एकदा हेच करतात. माझी पँट दोन वर्षांत पाऊण इंच आटली असेल, बस. ऑनलाइनवाली पहिल्या तीन धुण्यांत दीड इंच गेली होती आणि घोट्याच्या वर आली होती. स्पर्धेवाल्यांना हे महत्त्वाचं आहे कारण वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमात पँटने नडगीचा किमान दोन तृतीयांश भाग झाकला पाहिजे असं आहे, बाही मनगटाच्या पुढे नको आणि कोपर ते मनगट ह्याच्या अर्ध्यापेक्षा आखूड नको, जॅकेट कमरेखाली पण मांडीच्या पाऊण भागाच्या वर, आणि बाही दुमडून चालत नाही. काकांना हे नियम मी एका कागदावर मराठीत लिहून दिलेत, तो कागद आता त्यांच्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

आता आवाज. ज्याला त्याला ड्रेसचा आवाज हवा असतो, बुक्की मारली की फट्ट वाजला पाहिजे. बारा औंसाचा वाजतो, पहिल्या दिवसापासून वाजतो. कारण साधं आहे, कापड ताठ आहे, हात जोरात जातो आणि एकदम थांबतो, बाही मात्र तेवढी पटकन थांबत नाही आणि स्वतःवरच आपटते. पण मी मुलांना सांगतो की आवाज थांबण्याचा आहे, ताकदीचा नाही. खळ घालून कडक इस्त्री केलेला हलका ड्रेस पण वाजतो, त्याला भुलू नका. मला स्वतःला ह्या ड्रेसचा दुसराच फायदा झाला. सकाळी मैदानावर मी एकटा असतो, कोणी चूक सांगणारं नाही, सर आता ऐंशीला टेकलेत आणि येऊ शकत नाहीत. हेयान शोदान म्हणजे अगदी पहिली, एकवीस हालचालींची काता, ती मी रोज सुरुवातीला दहा वेळा करतो. त्यात डावीकडची बुक्की वाजायची आणि उजवीकडची बोथट. तीन आठवडे मला कळेना, कापडात फरक आहे का म्हणून काकांकडे पण गेलो, त्यांनी दोन्ही बाह्या एकमेकीवर ठेवून दाखवल्या, सुताचा फरक नाही. मग लक्षात आलं की ऑपरेशन झालेल्या उजव्या गुडघ्यावर मी पूर्ण वजन टाकतच नव्हतो, चार वर्षं झाली तरी, त्यामुळे त्या बाजूला कंबर उशिरा वळायची आणि हात थांबायचा नाही, विरघळायचा. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम मी परत सुरू केले. आता दोन्ही बाजू वाजतात, उजवी किंचित कमी.

थंडीचं पण सांगतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट कशी असते हे गंगापूर रोडला पाचला फिरायला जाणाऱ्यांना विचारा. बारा औंस त्या वेळी चादरीसारखा ऊब देतो, आत टी-शर्टची गरज नाही. एप्रिल-मे मध्ये मात्र जड जातो हे खरं, कोरडा असतानाच वजनकाट्यावर दीड किलोच्या वर भरतो आणि तासाभरात घाम पिऊन आणखी जड होतो, पँट मांडीला खेचते. त्या दोन महिन्यांत मी जुना पातळ वापरतो. पावसाळ्यात वाळत नाही, दोन दिवस लागतात आणि पंख्याखाली टाकावा लागतो, नाहीतर कुबट वास बसतो आणि मग तो जाता जात नाही.

धुण्याबद्दल काकांनी जे सांगितलं ते पाळा. गार पाणी, साधी पावडर. ब्लीच अजिबात नको, सूत कुजतं. पांढरेपणा हवा तर शेवटच्या पाण्यात थोडी नीळ टाका. रक्ताचा डाग असेल तर लगेच गार पाण्यात, गरम पाण्यात टाकला की तो कायमचा बसतो. पिळू नका, झटकून टांगा. एवढं.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या. वेळ लागतो. मला बावीस दिवस लागले आणि मध्ये दोनदा "परवा या" झालं. मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश असतात तेव्हा काका नवीन ऑर्डर घेतच नाहीत, दिवाळीच्या आधी पण नाही. कॉलरला त्यांनी सहा ओळी शिलाई मारलीये, त्यामुळे ती कधीच वळत नाही पण पहिला महिनाभर मानेला घासते, मला मागे लाल वळ उठला होता. रंग पांढराशुभ्र नाही, थोडा सायीसारखा आहे, मला चालतो पण काही क्लासवाल्यांना नाही चालत, आधी विचारून घ्या. छातीवरचा बिल्ला ते शिवून देतील पण भरतकाम करत नाहीत. आणि बेल्ट त्यांच्याकडून घेऊ नका. मी एक करून घेतला, आतलं कापड मऊ निघालं आणि गाठ राहत नाही, प्रत्येक कातानंतर बांधावा लागतो. काकांना सांगितलं, त्यांनी पैसे परत दिले आणि म्हणाले ते काम मला जमत नाही, आता करणार नाही. जिना उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालून हाक मारली तर त्यांचा मुलगा खाली येऊन ड्रेस देतो, माप मात्र वरच.

पैसे. माझा बारा औंस मोठ्या मापाचा, कापड शिलाई धरून ३२०० रुपये झाले, आठ औंस त्यापेक्षा पाच-सहाशेने कमी. कमी आहे का? नाही. पण ह्याच तोडीचा जपानी ड्रेस मागवायला गेलात तर दहा हजारांच्या पुढेच आकडा जातो. आमच्या सरांकडे एक तोकाइदो ह्या जपानी कंपनीचा आहे, जपानहून कोणीतरी आणून दिलेला, त्याची बरोबरी हा करतो असं मी म्हणणार नाही. त्याचं कापड हाताला वेगळंच लागतं, पंचवीस वर्षांनी पण. पण कापणीत, म्हणजे अंगावर बसण्यात, काकांचा मला जास्त आवडतो कारण तो माझ्या अंगाचा आहे.

एक विनंती आहे पालकांना. व्हाइट बेल्ट आणि येलो बेल्टच्या मुलांना हा शिवू नका. सहा महिन्यांत मूल वाढतं आणि अर्धी मुलं वर्षभरात क्लास सोडतात, त्यांना पाच-सातशेचा साधा ड्रेस पुरे आहे. काही क्लासमध्ये तिथूनच ड्रेस घ्यायची सक्ती असते आणि बाहेर जो सातशेला मिळतो तोच पंधराशेला देतात, माझ्या पुतण्याच्या बाबतीत हेच झालं आणि बाहेरून आणलेला घालून आला तर त्याला मागच्या रांगेत उभं केलं. हे बरोबर नाही. मुलाला कराटे आवडायच्या आधी त्याच्या बापाला पावती आवडली पाहिजे अशी अट का? आमच्या काळात दोन वर्षं मी भावाच्या जुन्या पांढऱ्या पायजम्यावर सराव केला, सरांनी एकदा सुद्धा टोकलं नाही. ब्राऊन बेल्टला पोचल्यावर, मुलाने स्वतः मागितल्यावर, मग काकांकडे न्या. वाढत्या वयासाठी ते बाहीत आणि पायात तीन-तीन इंच आत दुमडून ठेवतात, नंतर सोडवून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

मुलींच्या बाबतीत, त्यांची सून माप घेते आणि ती विचारून विचारून घेते. माझ्या बॅचमधल्या तीन मुलींचे शिवून झाले. जॅकेटला आतून एक जास्तीचा बंद टाकते म्हणजे पुढून उघडत नाही, आणि पँटच्या नेफ्यात नाडी आणि इलॅस्टिक दोन्ही. त्या तिघींपैकी एक आधी प्रत्येक किक मारून झाली की जॅकेट सारखं करायची, वर्षभर मी तिला "लक्ष समोर" म्हणून ओरडत होतो. नवीन ड्रेस आल्यावर पहिल्या दिवसापासून तिचे हात जागेवर राहिले. लक्ष तिचं समोरच होतं, कपडा तिला सोडत नव्हता. मी तिची माफी मागितली.

दोन वर्षांत झालेली झीज लिहितो. उजव्या बाहीची कड दोनदा उसवली, पँटच्या डाव्या गुडघ्यावर कापड विरलंय कारण सेइझात म्हणजे गुडघे दुमडून बसताना आधी डावा गुडघा टेकतो आणि आमच्या हॉलची फरशी खडबडीत आहे. कळी जशीच्या तशी, एक टाका सुटलेला नाही, आणि त्यावर मी किती किक मारल्या असतील ह्याचा हिशोब करून बघा. बाही पहिल्यांदा उसवली तेव्हा मी दुरुस्तीला घेऊन गेलो तर काका म्हणाले एवढ्यासाठी जिना चढता? बसा. सुई दिली आणि उलटी टीप शिकवली. शाळेत मुलींना शिवणाच्या तासाला असायची ती, आम्हाला कोणी शिकवली नाही. एक टाका पुढे आणि सुई अर्धं मागे येऊन परत पुढे, धावदोऱ्यासारखा पळत जायचं नाही. माझे पहिले टाके वाकडे आले तर काकांनी ते उसवले आणि परत घालायला लावले, दोनदा.

आता रविवारी संध्याकाळी आठवड्याभराचा ड्रेस घेऊन मी गच्चीवर बसतो आणि जिथे कुठे सैल दिसतं तिथे टाके घालतो. बॅचमधली मोठी मुलं पण आपापले घेऊन येतात, पाच-सहा जण असतो. मला तसा पक्षी बघायचा जुना नाद आहे, हिवाळ्यात पहाटे उठून नांदूरमध्यमेश्वरला जातो आणि मनोऱ्यावर तासभर न हलता उभा राहतो, बायको म्हणते तुझे सगळे छंद एका जागी गप्प उभं राहण्याचे आहेत. हा बसून करायचा पहिला. सरांना सांगितलं तर त्यांनी त्यांच्या तोकाइदोच्या कोपरावरची ठिगळं दाखवली, त्यांनी स्वतः घातलेली, अठरा वर्षांपूर्वीची. मी इतकी वर्षं तो ड्रेस बघतोय, ती मला कधी दिसली नव्हती.

जाणार असाल तर गुरुवार सोडून जा, त्या दिवशी दुकान बंद असतं. दुपारी एक ते चार पण नको. सोबत जुना ड्रेस न्या, फाटलेला असेल तर जास्त चांगलं, काका तो बघून तुम्ही कुठे चुकता ते सांगतात. आणि जीन्स घालून जाऊ नका, सैल पायजमा घाला, जीन्सवर ते आसनाचं माप घेत नाहीत, परत पाठवतात.